वन्संच्या सदतीस सुऱ्या

वन्सं, तुमच्या सुऱ्या मी भंगारात जाऊ देणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत ऐकाल. नाहीतर तुमची सवय मला माहीत आहे, शेवट कळेपर्यंत मधे मधे 'पुढे?' 'पुढे?' करत राहायचं.

तुम्हाला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरकायच्या आत कावळा शिवला. भटजींना हात धुवायलाही वेळ मिळाला नाही. भावोजी, तुमचे शेंडेफळ बंधुराज, डोळे पुसत म्हणाले, "ताईची काही इच्छा राहिली नव्हती." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या ह्यांनी डोलावली, मीही डोलावली. त्या कावळ्याच्या भरवशावर पुढे काय काय ठरणार आहे, हे मला काय ठाऊक.

तेराव्याची भांडी आवरून होताहेत तोवर दोघा भावांची बैठक बसली. तुमची कर्वेनगरची भाड्याची खोली महिनाअखेर रिकामी करून द्यायची होती. कपाट कुणाला, पंखा कुणाला, शिलाई मशीन कुणाला, हे सगळं पाच मिनिटांत झालं. मग भावोजी म्हणाले, "आणि त्या सुऱ्या भंगारवाल्याला देऊन टाकू."

मी म्हटलं, "का?"

"गेलेल्या माणसाचं लोखंड घरात ठेवत नाहीत, वहिनी."

"कोण ठेवत नाहीत?"

"असं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

त्यांना नाव आठवेना. मग म्हणाले, "अहो, ताईचा जीव त्यात अडकला असता तर कावळा इतक्या झटकन शिवला असता का?"

बघा वन्सं. चाळीस वर्षं तुम्ही जुन्या बाजारात लोखंडाच्या ढिगात हात घालून शोधलेल्या सदतीस सुऱ्या एका कावळ्यानं निकालात काढल्या. त्याला बिचाऱ्याला भातापलीकडे काय कळत होतं?

मला तेव्हा आला तसा राग फार वर्षांत आला नव्हता. रडू येत नव्हतं एवढे दिवस. लोक समाचाराला येत, माझ्या कोरड्या डोळ्यांकडे बघत आणि मनात म्हणत असतील, नणंद-भावजय ना, चालायचंच. म्हणू देत. नणंदेसाठी रडायची पद्धत नाही, म्हणून मी रडले नाही असं नाही. मी चिडले होते. तुमच्यावरही चिडले होते. माणसानं एका कागदावर दोन ओळी लिहून ठेवाव्यात की नाही? चौतीस वर्षं सरकारी कचेरीत दुसऱ्यांचे कागद टाइप केलेत आणि स्वतःच्या सुऱ्यांबद्दल एक चिठ्ठी तुम्हाला खरडता आली नाही.

मी ह्या घरात आले तेव्हा डावखुरी होते. आजही आहे, पण तेव्हा तो दोष होता. लग्न ठरवताना माझ्या आईनं मला बजावलं होतं, पोह्यांची बशी उजव्या हातानं दे. ती दिली. पण भाजी रोज चिरायची असते, ती किती दिवस लपणार? तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "उजवा हात काय देवानं शोभेला दिलाय?" त्या दिवसापासून मी उजव्या हातानं चिरायला लागले. भेंडी एकीकडे, सुरी एकीकडे, बोट मधे. आठवड्यात तीन बोटांना चिंध्या बांधल्या होत्या. ह्यांना त्या दिसल्या नाहीत. तुम्ही कचेरीतून आलात, जेवायला बसलात, मी आमटी वाढत होते, आणि माझ्या हाताकडे बघत तुम्ही विचारलंत, "किती?"

"तीन," मी म्हटलं.

"रविवारी माझ्याबरोबर चल."

सासूबाईंनी विचारलं, कुठं? तुम्ही म्हणालात, जुन्या बाजारात. त्या म्हणाल्या, नव्या नवरीला भंगार दाखवायला नेतेस? तुम्ही म्हणालात, "देवदर्शन झालंय तिचं. आता माणसं बघू दे."

तोवर मला वाटत होतं, बाजार म्हणजे मंडई. हा भलताच निघाला. जमिनीवर प्लास्टिकचे कागद अंथरलेले, त्यावर नळ, कुलपं, किल्ल्यांचे जुडगे, पंख्यांची पाती, फुटके आरसे, एकाच पायातले बूट. नदीकडून वास येत होता. तुम्ही गुलबक्षी सुती साडीचा पदर कमरेला खोचून पुढे, आणि मी नव्या शालूत नाही तरी नव्या साडीत मागे. लोक बाजूला होत होते. 'आल्या सुरीवाल्या बाई' असं कुणीतरी म्हणालं, आणि मला लाज वाटली. आज सांगते, खरंच वाटली.

तुमची सौदा करायची रीत मला तिथं पहिल्यांदा दिसली. ढिगात एक सुरी दिसली की तिच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. शेजारच्या नळाचं विचारायचं. नळावर पाच मिनिटं हुज्जत घालायची, नळ ठेवून द्यायचा, निघायचं, आणि जाता जाता म्हणायचं, "नळ राहू द्या, ती गंजकी सुरी तेवढी द्या, कुंडीत माती उकरायला होईल." काही वर्षांनी त्या लोकांनी हे ओळखलं. बाईंनी नळाचं विचारलं की ते सुरी उचलून मागे ठेवायचे. मग तुम्ही सरळ सुरीचंच विचारायला लागलात, तर ते गोंधळून तुम्हाला नळ दाखवायचे.

घेण्याआधी मात्र सुरीची परीक्षा असायची. मूठ बघायचीच नाही. "मूठ काय, आज आहे उद्या नाही," असं म्हणायचात. पातं उन्हात आडवं धरून एका डोळ्यानं धारेकडे बघायचं, वाकलंय का. मग पर्समधून खिळा काढायचा आणि पात्यावर हळूच वाजवायचा. टण वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर आत कुठंतरी चीर आहे, ठेवून द्या. घणाचे ठोके दिसताहेत का बघायचं, कारण कारखान्यातली सुरी गुळगुळीत असते आणि हातानं घडवलेली तशी नसते. बायका पर्समध्ये कंगवा ठेवतात, रुमाल ठेवतात. तुमच्या पर्समध्ये खिळा असायचा.

त्या रविवारी तुम्ही मला हमीदभाईंसमोर उभं केलंत. बाजाराच्या कडेला, कोळशाची शेगडी, पायानं फिरवायचं धारेचं चाक, ट्रकच्या जुन्या कमानपट्ट्यांचा ढीग. त्या पट्ट्या तापवून, ठोकून ते सुऱ्या करायचे. तुम्ही म्हणालात, "हिला एक भाजीची सुरी करून द्या. डावी."

"डावी?" ते म्हणाले. "बाई, सुरीला कुठं डावं-उजवं असतंय?"

"तुम्ही धार एकाच बाजूनं लावता ना? ती उजव्या हातासाठी. हिनं डाव्या हातात धरली की तिरकी पळते. हिला दुसऱ्या बाजूनं लावून द्या."

त्यांनी माझ्या बोटांवरच्या चिंध्या बघितल्या. मग म्हणाले, "पन्नास वर्षांत अशी कुणी मागितली नाय."

"आज मागितलीय," तुम्ही म्हणालात.

तीन रविवार लागले. शिसवीची मूठ, वीतभर पातं. घरी आल्यावर ती तुम्ही माझ्या हातात दिली नाहीत, ओट्यावर ठेवलीत आणि म्हणालात, "उचल. सुरी हातात दिली की नातं तुटतं म्हणतात. आपल्याला भांडायला सुरीची गरज पडायची नाही म्हणा, पण असू दे." मी ती डाव्या हातानं उचलली. सासूबाई देवघरातून म्हणाल्या, "नैवेद्याची भाजी मी चिरीन बाई, डाव्या हाताची देवाला चालायची नाही." तुम्ही म्हणालात, "चिर की. तुझी कंबर बरी असेल त्या दिवशी चिर." त्यांची कंबर पुढे आठवड्यातून सहा दिवस दुखायला लागली, आणि देवाचं काही बिघडलं नाही.

चाळीस वर्षांत माझं बोट परत कापलं नाही, वन्सं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं का? नाही सांगितलं. तुम्हाला दिसतच होतं म्हणून राहून गेलं. ह्या घरात माझ्यासाठी कुणीतरी भांडलं, ते तुम्ही. मी स्वतः कधी भांडले नाही. मला गरजच पडली नाही, तुम्ही होतात ना.

आता खंडेनवमीचं बोलू. तो वाद आपला राहिलाच आहे.

माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर तुमच्या अकरा सुऱ्या लागल्या होत्या. खंडेनवमीला हत्यारांची पूजा. तुम्ही कचेरीत, म्हटलं आपण तयारी करून ठेवू. मी अकराही सुऱ्या खाली काढल्या आणि देवाची तांब्याची भांडी घासावीत तशा चिंच लावून घासल्या. डाग जाईनात तेव्हा ह्यांच्या हत्यारांच्या पेटीतून पॉलिशपेपर काढला. दोन तास घासत होते. आरशासारख्या झाल्या, माझंच तोंड दिसत होतं. पाटावर मांडल्या, फुलं वाहिली, आणि तुमची वाट बघत बसले, शाबासकी मिळेल म्हणून.

तुम्ही आलात, चपला काढल्यात, पाटापुढे उभ्या राहिलात. मग खाली बसून त्यातली एक उचललीत. तिच्यावर मुठीजवळ एक बारीक ठसा होता, चांदणी आणि शेजारी अक्षर. कुणा कारागिराची खूण. दोन वर्षं तुम्ही जुन्या बाजारात ज्याला त्याला ती दाखवून विचारत होतात, हा कोण, कुठला. मी तो ठसा घासून साफ केला होता.

तुम्ही म्हणालात, "छान चमकतायत हो. आता आहेरात द्यायला हरकत नाही." आणि दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलला नाहीत. दिवाळीच्या पहिल्या दिवशी बोललात ते "उटणं कुठंय?" एवढंच.

माझी चूक झाली, ठसा गेला, त्याचं मला आजही वाईट वाटतं. त्या माणसाचं तेवढंच नाव जगात उरलं होतं आणि ते मी पुसलं. पण देवापुढे मांडायची वस्तू घासूनच मांडायची, हे मला माझ्या आईनं शिकवलं होतं. लोखंडाचा काळेपणा हा मळ नसतो, त्याचं वय असतं, हे तुम्ही मला आधी सांगितलं होतंत का? नव्हतंत. तुम्हाला माहीत असलेली गोष्ट सगळ्या जगाला माहीत असायलाच हवी, असा तुमचा हेका. मी हे वीस वेळा तुम्हाला सांगायला आले आणि वीस वेळा तुम्ही रेडिओचा आवाज वाढवलात. आता वाढवा बघू.

पण खरं बोलायचं आहे ते ह्याबद्दल नाही. मी उगाच आडवळणानं चालले आहे.

खाटकाचा सुरा तुम्ही आणलात त्याच्या पुढच्या वर्षी. तळहाताएवढं रुंद पातं, पाठ अशी जाड की नारळ फुटावा. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. "कुणाकुणाच्या मानेवरून फिरला असेल मेला. देवघराची भिंत पलीकडे आहे गं." तुम्ही तो गॅसवर, लाल होईपर्यंत नाही, पण चांगला चरचरीत तापवलात, धुतलात, पुसलात आणि म्हणालात, "लोखंड तापवलं की सगळं जातं. माणसाचं तेवढं सोपं नसतं." त्या सुऱ्यानं लाल भोपळा लोण्यासारखा कापला जायचा. त्या भोपळ्याचं भरीत सासूबाई दोनदा मागून घ्यायच्या. भोपळा कशानं कापलाय, हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि आपण दोघींनी कधी सांगितलं नाही.

मग भावोजींचं लग्न ठरत होतं. मुलीकडचे घर बघायला आले. मुलीचे वडील पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघराच्या दारात आले आणि भिंतीकडे बघत राहिले. तोवर एकोणीस सुऱ्या झाल्या होत्या, आणि मधोमध तो सुरा. ते फक्त एवढंच म्हणाले, "हे सगळं कुणाचं?" चहा अर्धा ठेवून ते गेले.

ते गेल्यावर सासूबाई तुम्हाला म्हणाल्या, "त्याचं लग्न होऊ द्यायचंय की नाही तुला? स्वतःचं तर झालं नाही."

तुम्ही ओट्याला टेकून उभ्या होतात. आधी ह्यांच्याकडे बघितलंत. हे पेपर वाचत होते, पेपर खाली आला नाही. मग तुम्ही माझ्याकडे बघितलंत.

मी पोळ्या लाटत होते. मला कळलं होतं तुम्ही बघताय. मी मान वर केली नाही. ती पोळी मी लाटतच राहिले, लाटतच राहिले, शेवटी ती पोळपाटालाच चिकटून फाटली. मला बोलायचं होतं, 'राहू देत की त्या सुऱ्या, त्यांच्यावरच घर जेवतंय.' एवढं एक वाक्य. ते तोंडापर्यंत आलं होतं. पण मला भीती वाटली की सासूबाई म्हणतील, मग तूही जा तिच्याबरोबर. मला एक मूल होतं, दुसरं पोटात होतं. ही कारणं आहेत, ती खरी आहेत, आणि तरी मी बोलायला हवं होतं.

पुढच्या रविवारी तुम्ही भिंतीवरच्या एकोणीसच्या एकोणीस सुऱ्या काढल्यात, एका ट्रंकेत भरल्यात आणि कर्वेनगरला खोली घेऊन राहायला गेलात. माझी डावी सुरी तेवढी ओट्यावर ठेवून गेलात. ते स्थळ पुढे मोडलंच, दुसऱ्याच कारणानं. पण तुम्हाला परत या म्हणायला कुणी गेलं नाही. मीही नाही. दर रविवारी मी तुमच्याकडे यायचे, तुमच्याबरोबर बाजारात जायचे, हमीदभाई गेल्यावर त्यांच्या मुलाकडे आपण मुठी बसवून घ्यायचो, एकोणिसाच्या सदतीस झाल्या, पण ते एक वाक्य मी कधी बोलले नाही. तुम्हीही विषय काढला नाहीत. तुम्ही मला माफ केलं होतंत की तुम्हाला माझ्याकडून त्याहून जास्त अपेक्षाच नव्हती, हे मला कळलं नाही, आणि दुसरं असेल ह्या भीतीनं मी विचारलंही नाही.

शेवटच्या आठवड्यात एकदा धीर केला होता. तुम्ही उशीला टेकून बसला होतात, मांडीवर ताटली, मोसंबं सोलायचा प्रयत्न चालला होता. साल निघेना. थोड्या वेळानं सुरी माझ्यापुढे धरलीत. मी म्हटलं, "खाली ठेवा ना." तुम्ही म्हणालात, "आता काय तुटायचंय?" आणि ती माझ्या हातात दिलीत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, म्हटलं आत्ताच बोलून टाकावं. मी सुरुवात केली, "वन्सं, त्या दिवशी मी पोळ्या लाटत होते ना..."

तुम्ही म्हणालात, "सोल. सुकतंय ते."

मी सोललं. तुम्ही दोन फोडी खाल्ल्यात आणि डोळे मिटलेत. चार दिवसांनी गेलात. असं कुणी करतं का? माणसाला मेलं बोलूसुद्धा द्यायचं नाही.

तर भावोजींच्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी मी एकटी तुमच्या खोलीवर गेले. एकेक सुरी भिंतीवरून काढली, तुमच्या जुन्या सुती साड्या फाडून त्यात गुंडाळली, आणि दोन मोठ्या पिशव्या भरल्या. रिक्षात खळ्ळ खळ्ळ वाजायला लागल्या. रिक्षावाला म्हणाला, "काय आहे मावशी, भांडी?" मी म्हटलं, "सुऱ्या. सदतीस." त्यानंतर कोथरूडपर्यंत तो रस्ता कमी आणि आरसा जास्त बघत होता.

घरी ह्यांनी पिशव्या पाहिल्या. म्हणाले, "आता हे काय?" मी सांगितलं. म्हणाले, "तो चिडेल." मी म्हटलं, चिडू देत. "लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, लोकांचं तेरावं जेवून झालंय, त्यांचं काम संपलं. त्यावर ते बाल्कनीत जाऊन बसले. तुमच्या भावाला बाल्कनी नसती तर आमचा संसार झाला नसता.

मग मी वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या सुनेकडून ड्रिल मागून आणलं. तिनं ते धरायचं कसं, दाबायचं कसं, दाखवलं. डाव्या हातात बरोबर बसलं. स्वयंपाकघराच्या त्याच भिंतीला, जिथं पूर्वी खिळ्यांची भोकं रंगाऱ्याच्या लांबीनं बुजवून रंग दिला होता, तिथं मी आडव्या फळ्या ठोकल्या. दोन दिवस लागले. सगळीकडे चुन्याची धूळ झाली. भात धुळीचा झाला, तो ह्यांनी मुकाट्यानं खाल्ला. सदतीस सुऱ्या लावल्या, आणि मधोमध तो खाटकाचा सुरा. एकही घासली नाही.

आज सकाळी भावोजी आले. बरोबर भंगारवाला, त्याच्या हातात लोंबता काटा. भावोजींनी भिंत पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"वहिनी, हे काय केलंत? आपलं ठरलं होतं ना?"

"तुमचं ठरलं होतं."

भंगारवाला आत येऊन भिंतीसमोर उभा राहिला. त्यानं एका पात्यावर नख वाजवून बघितलं. म्हणाला, "साहेब, ह्या हातच्या आहेत. पण माझ्याकडं जातील लोखंडाच्याच वजनानं." त्यानं काढायला हात वर केला. मी म्हटलं, "दादा, हात खाली घ्या. काटा उचला आणि या तुम्ही." त्यानं भावोजींकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि माझं ऐकलं.

भावोजी ह्यांच्याकडे वळले. "दादा, तू तरी सांग. आईनं ज्या वस्तू घरातून काढायला लावल्या, त्या हिनं परत आणून लावल्या. आईला काय वाटेल?"

हे पेपर वाचत होते, वन्सं. अगदी तसेच. आणि मी ओट्यापाशी उभी होते, अगदी तशीच. पोळपाट नव्हता एवढंच. छाती धडधडत होती, वयाच्या पासष्टाव्या वर्षी नव्या नवरीसारखी. पण मान वर होती.

मी म्हटलं, "भावोजी, ह्या घरातून वन्संना एकदा घालवलंत. मी बघत राहिले. दुसऱ्यांदा घालवायचं असेल तर आधी मला घालवावं लागेल. तुमच्या आईला काय वाटेल ते मी वर गेल्यावर त्यांच्याशी बोलेन. तुम्हाला चहा ठेवू का?"

त्यांनी चहा घेतला नाही. जिन्यात जाऊन म्हणाले, ताईनं तुमचं डोकं बिघडवलं. मी म्हटलं, वेळेवर बिघडवायला हवं होतं, उशीर झाला.

दार लावून आत आले तर हे पेपर घडी करून भिंतीसमोर उभे. हात मागे बांधलेले. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. म्हणाले, "किती भोकं पाडलीस?"

"चौदा," मी म्हटलं.

"मला सांगायचंस."

"तुम्हाला त्या दिवशीही कुणी काही सांगितलं नव्हतं. तरी पेपरामागून सगळं ऐकत होतात."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. एवढ्या वर्षांत तुमचा विषय निघाला की हे असाच चष्मा पुसायचे, हे तुम्हाला माहीत नव्हतं. मलाही आज लक्षात आलं. मग त्या मोठ्या सुऱ्याकडे बोट करून म्हणाले, "ताईचा हा एका खिळ्यावर नाही राहायचा. वजन आहे त्याला. दोन लागतील." आणि ड्रिल कुठं ठेवलंय विचारून स्टूल आणायला गेले.

वन्सं, ते वाक्य मी आज बोलले. तीस वर्षं उशिरा, तुमच्या पाठीमागे आणि तुमच्या आईच्या माघारी. तुमच्या तोंडावर बोलले असते तर त्याला किंमत होती, हे मला कळतं. तुम्ही माफ केलंत असं मी धरून चालणार नाही, आणि माफी मागून मोकळीही होणार नाही. ते माझ्याजवळ राहू दे. पण आता ह्या घरात कुणी तुमच्याबद्दल काही बोललं की मी मान खाली घालणार नाही, एवढं नक्की.

आतून ड्रिलचा आवाज यायला लागला आहे. थांबते, ह्यांनी आयुष्यात कधी भिंतीला भोक पाडलेलं नाही.